खांबावरची जाळी

चहाची गाळणी पप्पांच्या हातात सापडली. मला शाळेत जायला उशीर होत होता, ओट्यावर चहा उकळून उकळून काळा झाला होता, आणि आमचे पप्पा खिडकीपाशी उभे राहून गाळणीतून भिंगारच्या रस्त्याकडे बघत होते.

"ही विणलेली आहे की भोकं पाडलेली?" त्यांनी मला विचारलं.

"ती चहाची आहे," मी म्हटलं आणि गाळणी हिसकावून घेतली.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काल माझी केसांची जाळी नेली होती. परवा कांद्याची गोणी रिकामी करून कांदे अंगणभर." ती चिडलेली नव्हती, नुसती माहिती देत होती. चिडायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे.

पप्पा जन्मभर पाळक होते. नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या कोरडवाहू गावांतल्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या त्यांनी सांभाळल्या. बाप्तिस्मे, लग्नं, मयती, भांडणं, सगळं केलं, पण त्यांचा खरा जीव कीर्तनात. आमच्याकडे ख्रिस्ती कीर्तन फार जुनं आहे. बाहेरच्यांना नवल वाटतं, पण गळ्यात उपरणं, शेजारी पेटी-तबला, मागे टाळ घेऊन धृपद उचलणारी मंडळी, सगळं असतं. आख्यान तेवढं शास्त्रातलं. पप्पा उभे राहायचे आणि आई मागे टाळ घेऊन बसायची. लग्न झाल्यापासून ही दोघं अशीच पुढे-मागे आहेत.

धर्मशिक्षण घेताना पप्पा थोडं हिब्रू शिकले होते. त्या थोड्याचा त्यांना अभिमान फार. दुसरी मुलं घरात पाढे ऐकायची, मी हिब्रू शब्द ऐकायचे. त्यातला त्यांचा सगळ्यात लाडका शब्द 'सेबाखा'. यरुशलेमेत राजाने देवासाठी मंदिर बांधलं, त्याच्या दारी दोन मोठे पितळी खांब उभे केले, खांबांवर कळस बसवले आणि कळसांवर जाळीची नक्षी घातली, तिच्यावर डाळिंबांच्या रांगा. ती जाळी म्हणजे सेबाखा. एकात एक गुंफून केलेलं काम. हाच शब्द शास्त्रात खिडकीच्या जाळीलाही आला आहे. एक राजा माडीवरच्या असल्याच जाळीतून खाली पडला होता, आणि लहानपणी मला त्या सगळ्या मंदिरापेक्षा तो पडलेला राजा जास्त आवडायचा. शिकारीच्या फासाच्या जाळ्यालाही तोच शब्द. हे सगळं मला पाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

म्हणून पप्पा हल्ली घरभर जाळ्या शोधत फिरायला लागले तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "पप्पा, अर्थ आपल्याला माहीत आहे. सेबाखा म्हणजे जाळीकाम."

"तो शब्दार्थ झाला," ते म्हणाले. "मला त्याचा अर्थ सापडला होता. ती जाळी तिथं कशासाठी होती ते मला कळलं होतं, बाळ. आणि मी तो कुठंतरी ठेवलाय."

चष्मा कुठे ठेवलाय असं माणूस म्हणतो, त्याच आवाजात.

पप्पांची आठवण गेली काही वर्षं विरत चालली आहे. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की गोळ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका. मी मुख्याध्यापिका आहे, लग्न केलेलं नाही, भिंगारला माझं स्वतःचं घर आहे. मी दोघांना उचलून माझ्याकडे आणलं आणि घराला शिस्त लावली. लुनाची किल्ली काढून घेतली. गॅसला हात लावायचा नाही, असं बजावलं. एकट्याने बाजारात जायचं नाही, मोबाईलवर अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. पप्पा सगळ्याला 'बरं' म्हणाले. शाळेतली पोरंही माझं इतकं ऐकत नाहीत.

फक्त रोज सकाळी मी निघताना ते विचारायचे, "मला काही काम?"

मी लसूण सोलायला द्यायचे. ते आठवड्याचा लसूण एका बैठकीत सोलून ठेवायचे आणि संध्याकाळी पुन्हा, "आणखी काही काम?" मी म्हणायचे, "पप्पा, बसा ना निवांत. जन्मभर केलंत की." यावर ते हसायचे. "बसलोय की. नुसती जागा अडवून बसलोय." हे हसत म्हणायचे म्हणून मला जास्त राग यायचा. रडत म्हणाले असते तर मला समजूत तरी घालता आली असती.

अशात एक फोन आला. मिरजगावच्या पुढे, हायवे सोडून आत गेलं की एक गाव लागतं. पप्पांनी तिथं सगळ्यात जास्त वर्षं काढली. मी तेव्हा नगरला बोर्डिंगात शिकत होते, त्यामुळे ते गाव मला फक्त सुट्टीपुरतं माहीत. तिथले आताचे पाळक, अगदी तरुण माणूस, फोनवर म्हणाले, "ताई, सुगीचा सण आहे. सगळ्यांची इच्छा आहे की बाबांनी कीर्तन करावं."

सुगीचा सण म्हणजे पीक घरात आलं की ज्याने त्याने पहिल्या राशीतलं काहीतरी देवळात (चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात) आणून ठेवायचं, आभार मानायचे. मी जागच्या जागी नाही म्हटलं. प्रकृती बरी नाही, प्रवास झेपणार नाही, डॉक्टरांनी मनाई केली आहे. डॉक्टरांनी अशी काही मनाई केली नव्हती, ती मी केली होती.

फोन ठेवून वळले तर पप्पा दारात. जे ऐकायला नको ते त्यांना अजूनही छान ऐकू येतं. ते आत गेले, ट्रंकेतलं उपरणं काढलं आणि आईच्या हातात दिलं. "इस्त्री कर. सेबाखा घेतो."

आईने उपरणं घेतलं. मी तिच्याकडे डोळे वटारले, पण ती इस्त्रीचं बटण लावून मोकळी झाली.

त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. आणि मला कबूल केलं पाहिजे की सुरुवात ऐकून मी चकित झाले. ज्यांना दुपारी काय जेवलो ते आठवत नाही, ते पप्पा मंदिराचं वर्णन घडघडा करायचे. लबानोनाहून आलेली लाकडं, ओतकाम करणारा कारागीर, दोन खांब, त्यांची नावं, कळस. आवाज तोच, हात तसेच उंच जाणारे. मग ते म्हणायचे, "आणि त्या कळसांवर होती सेबाखा. सेबाखा म्हणजे जाळीकाम. आता ही जाळी तिथं कशासाठी होती, तर…"

आणि थांबायचे. रोज तिथंच. हात हवेत राहायचा. मग ते तो हात हळूच खाली घ्यायचे आणि आमच्या सोफ्याकडे बघायचे, जणू अर्थ सोफ्याखाली गेला असावा.

"शोभेसाठी होती, पप्पा," मी म्हणायचे.

"शोभेसाठी हे गवंडीही सांगेल."

मी इंटरनेटवर शोधलं. विद्वानांचे लेख वाचले. कोणी म्हणे, ती तारांची वीण होती. कोणी म्हणे, ओतीव नक्षी. कशासाठी, या प्रश्नावर सगळ्यांचं म्हणणं माझ्यासारखंच, शोभेसाठी. मी ते पप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी ते मान हलवत ऐकलं. वर्गात पोराने चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने दिलं की मी जशी हलवते तशी.

शेवटी मी आईकडे वळले. "तू तर प्रत्येक कीर्तनाला मागे बसलेली असायचीस. तुला आठवत असेल की ते काय सांगायचे!"

आई तांदूळ निवडत होती. "मी कुठं अर्थ ऐकत होते? मला धृपद उचलायचं असायचं. माझं सगळं लक्ष त्यांच्या श्वासाकडे. कुठं थांबणार, किती थांबणार, दम लागलाय का, पुढचं सुचत नाहीये का. ते मला पाठीवरून कळतं. बोलतात काय ते पुढे बसलेल्यांनी ऐकायचं."

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं एका माणसाच्या मागे बसून ही बाई त्याची पाठ ऐकत होती!

"आई, दुसरं एखादं आख्यान घ्यायला सांग ना. पाठ असलेली डझनभर आहेत."

"मी नाही सांगायची," आई म्हणाली. "त्यांचं एवढं एकच काम उरलंय. ते मी काढून घेऊ?"

ते वाक्य मला लागलं, कारण काढून घेणारी कोण ते आम्हां दोघींना माहीत होतं. पण माझी भीती खोटी नव्हती. घरात अडखळणं वेगळं आणि भरल्या देवळात हात हवेत ठेवून उभं राहणं वेगळं. ज्या गावाने त्यांना ऐन भरात पाहिलं त्या गावात लोक एकमेकांकडे बघतील, कोणी पोर हसेल, कोणी कीव करेल, आणि पप्पांना ते कळेल. एवढं त्यांना अजून कळतं. मला ते बघायचं नव्हतं. म्हणून मी त्या तरुण पाळकांना फोन करून ठरवून टाकलं. पप्पा अडकले की मी उठणार, 'बाबा थकलेत' असं म्हणून सगळ्यांचे आभार मानणार, आणि त्यांनी लगेच प्रार्थना करून उपासना संपवायची. आईला मी यातलं काही सांगितलं नाही.

सणाच्या दिवशी आम्ही गाडी करून गेलो. उन्हं तापायला लागली होती, वाटेत ज्वारीची काढणी चाललेली. देऊळ लहानसंच, पत्र्याचं, पण दारापासून आतपर्यंत ज्वारीची ताटं बांधलेली. पुढे मेजापाशी रास लागली होती. ज्वारीची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, भोपळे, लिंबं, एका टोपलीत डाळिंबं आणि पाय बांधलेली एक कोंबडी, जी सगळ्या उपासनेला आपलं मत देत होती.

"सलाम, पाळकबाबा!" "सलाम, पाळकीणबाई!" म्हणत माणसं भोवती जमली. पप्पांना एकाचंही नाव आठवत नव्हतं. पण ते बहाद्दर. प्रत्येकाचा हात धरून "गुडघा कसा आहे आता?" असं विचारत होते, आणि त्या वयात गुडघा सगळ्यांचाच दुखत असल्यामुळे माणसं गहिवरत होती. "बगा, बाबांच्या ध्यानात हाय!" मला हसू आवरेना.

पहिल्या रांगेत माझ्या शेजारी काठी घेऊन एक आजी येऊन बसल्या. ओच्यात लिंबं होती, ती त्यांनी राशीवर ओतली. "मी नवी नवरी हुते तवा पाळकबाबा इथं हुते," त्या मला म्हणाल्या. मी नुसतं हसले. माझं लक्ष कुठे होतं? मी उठून कुठून पुढे जायचं ते मनात जुळवत होते. आई पप्पांच्या मागे, पेटीवाल्याशेजारी टाळ घेऊन बसली होती.

पप्पा उभे राहिले. उपरणं सारखं केलं. त्यांनीच कधीतरी रचलेलं पद धरलं, 'तुझ्या घरी मला, देवा, कोपरा दे थोडा.' लोकांना ते येत होतं. मग मंदिर सुरू झालं.

पहिल्यांदा ते कारागिरावर अडकले. त्याचा बाप कुठला ते आठवेना. मी पदर खोचला, पण त्याआधीच मागून टाळ वाजला आणि आईने 'कोपरा दे थोडा' उचललं. बायकांनी साथ दिली, तबला भरला. धृपद संपेपर्यंत पप्पा मान डोलवत उभे राहिले, आणि संपताच त्यांना कारागिराचा बाप सापडला. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. कीर्तनात असं होतंच. दुसऱ्यांदा खांबांच्या उंचीवर अडकले, पुन्हा टाळ. तिसऱ्यांदा तर मला ते अडकलेले कळलेही नव्हते आणि आई सुरू झालेली होती. तेव्हा पहिल्यांदा मला समजलं, ती पाठीकडे बघते म्हणजे काय करते. मी घरात त्यांच्यासाठी इतके नियम केले होते. त्यातला एकही या टाळाइतका कामाचा नव्हता. मला माझ्या आईचा भयंकर अभिमान वाटला, आणि थोडा हेवाही.

मग ती जागा आली.

"आणि त्या कळसांवर होती सेबाखा. सेबाखा म्हणजे जाळीकाम. आता ही जाळी तिथं कशासाठी होती, तर…"

हात वर गेला आणि राहिला. टाळ वाजला. धृपद झालं. पप्पा तसेच. आईने पुन्हा उचललं, बायका पुन्हा म्हणाल्या. पप्पा तसेच. तिसऱ्या वेळी आईचा आवाज चिरकला, आणि धृपद संपल्यावर देवळात कोंबडीशिवाय कोणी बोलेना. तरुण पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले.

आईने माझ्याकडे बघून मान हलवली. नाही. इतक्या जोरात की मी अर्धी उभी, अर्धी बसलेली, तशीच राहिले.

पप्पांनी हात खाली घेतला. लोकांकडे पाहिलं. आणि अगदी साध्या, घरच्या आवाजात म्हणाले, "मंडळी, मला हे माहीत होतं. आता आठवत नाही."

ज्याची भीती होती ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलं होतं.

"मी सांगू का, पाळकबाबा?" माझ्या शेजारून आवाज आला. आजी काठीवर जोर देऊन उठत होत्या.

"सांगा की, बाई," पप्पा म्हणाले. आणि खरंच ऐकायला एक पाऊल पुढे आले.

"खांब हाय, त्यो भार घेतो," आजी म्हणाल्या. "छताचा समदा भार खांबावर. पर जाळीवर कशाचा भार हाय? कशाचाच न्हाई. ती काडून घेतली तरी देऊळ उभंच ऱ्हातंय. मंग राजानं ती येवडी जीव लावून का इनून घेतली? आन् समद्यात वर का बशिवली?" त्यांचा मोकळा हात उंच गेला होता. तो हात मी ओळखला. तो पप्पांचा होता. "तर देवाच्या घरात समदीच काय भार उचलायला नसत्यात. ज्येच्याच्यानं भार उचलत न्हाई, त्येला कामाचा न्हाई म्हून अडगळीत टाकायचं न्हाई. त्येला डोक्यावर घ्यायचं. वर बशिवायचं. आन् त्येला डाळिंबं लावायची."

आजी आता आमच्या सगळ्यांशी बोलत होत्या.

"माझ्या सासऱ्यांचं तवा अंग लुळं पडलं हुतं. आमी त्यास्नी मागं गोठ्यात ठिवलं हुतं. ह्ये आयकलं आन् मालकांनी त्याच सांच्याला खाट उचलून पुढच्या वट्यावर आनली. मरंस्तवर म्हातारा तितंच हुता. येनाऱ्या-जानाऱ्याला रामराम घालायचा."

पप्पा मान तिरकी करून ऐकत होते. त्यांचा चेहरा मी कितीतरी दिवसांत असा पाहिला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते अडखळल्याचं नव्हतं. चांगलं काहीतरी पहिल्यांदाच ऐकणाऱ्या माणसाचं होतं.

"वा," ते म्हणाले. "वा, बाई! काय सुंदर अर्थ लावलात. कोणी शिकवलं हो तुम्हाला हे?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मग पप्पांकडे पाहून, लहान पोराला सांगावं तसं हळू म्हणाल्या,

"तुमीच की, बाबा."

"मी?" पप्पा म्हणाले. त्यांनी वळून मागे पाहिलं. उभ्या कीर्तनात त्यांना मागे वळताना मी कधी पाहिलं नव्हतं. "मी शिकवलं?"

"हो," आई म्हणाली. "तुम्हीच."

टाळ तिच्या मांडीवर पडून होता आणि ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. पप्पांना पुढचं काही सुचत नव्हतं हे तिला दिसत असणार, पण तिच्याच्याने धृपद उचलवलं नाही. मग ते मी उचललं. माझा सूर कधीच लागत नाही, तेव्हाही लागला नाही.